दप्तराचे स्थलांतर

तंबाखूच्या वखारींवर वाढलेल्या निपाणीसारख्या गावात लिहिलेल्या कागदाला पैशाइतकाच मान होता. कोणाची उचल किती, कोणाचा माल कधी रवाना झाला, कोणत्या अडत्याने काय कबूल केले, हे ज्या कागदावर उतरले असेल तो कागद पेढीच्या पेटीत जाई, आणि पेटीची किल्ली कर्त्या पुरुषाच्या करगोट्याला असे. आमच्या आत्तीचे यजमान, ज्यांना सारे घर अण्णा म्हणत असे, याच संस्कारात वाढलेले होते; म्हणूनच मुलगा नोकरीनिमित्त अमेरिकेस गेल्यावर त्यांनी घरात संगणक आणला, तेव्हा त्यावर येणाऱ्या टपालाकडेही ते दप्तराच्याच दृष्टीने पाहू लागले. आलेले एकही पत्र त्यांनी पुसले नाही. ‘वखार’, ‘पाहुणे’, ‘चिरंजीव’, ‘सीमाप्रश्न’ अशी खाती पाडून प्रत्येक पत्र आपापल्या खात्यात दाखल करावे, हा त्यांचा रात्रीच्या जेवणानंतरचा क्रम शेवटच्या आजारापर्यंत चुकला नाही. त्यांच्या पश्चात तो संगणक थकला, आतेभावाने नवा घेऊन पाठविला, आणि अण्णांचे हे दप्तर नव्या जागी लावून देण्यास आत्तीने मला बेळगावहून बोलावून घेतले.

इंटरनेटची जोडणी हा या कामाचा सोपा भाग. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सामान्य नागरिकांस इंटरनेट खुले केले, त्यानंतर कित्येक वर्षे टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून, फार तर सेकंदास ५६ किलोबिट या गतीने, जग आपल्या घरात येत होते. आणि जोडणीचा क्रमांक, ग्राहकाचे नाव, परवलीचा शब्द हे सारे संगणकाच्याच पोटात राहत असल्यामुळे संगणक बदलला की ते पुन्हा पहिल्यापासून भरावे लागे. आता काचेचा तंतू भिंतीवरच्या पेटीपर्यंत येतो, तो सारा तपशील त्या पेटीत राहतो, आणि नव्या संगणकास घरच्या वायफायचा शब्द सांगितला की झाले. टेबलाची जागा बदलल्याने तंतूला कोपऱ्यात तीव्र वळण पडले होते आणि पेटीवर तांबडा दिवा लागला होता, एवढेच. कारण असे वळण पडले की आतला प्रकाश वाटेतच गळून जातो. फोनवर कचेरीशी कन्नडमध्ये बोलत आलेल्या लाइनमनने तो वेढा सैल केला आणि आमच्याकडे वळून म्हणाला, “लई आवळू नका सर, सैल सोडा. हिरवं झालं की बघा.”

टपालाचे काम मात्र असे सैल सोडून होणारे नव्हते. पूर्वीच्या ज्या पद्धतीस पॉप म्हणत, तीत पत्र दूरच्या यंत्रावरून घरच्या संगणकावर उतरले की तिकडची प्रत बहुधा पुसली जाई. आयमॅप ही दुसरी पद्धत, जी मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ साली रचली, ती पत्र तिकडेच ठेवून आपल्याला फक्त वाचावयास देते, म्हणून तिच्यात संगणक बदलला तरी काही हरवत नाही. अण्णांचा सगळा व्यवहार पहिल्या पद्धतीचा. याचा अर्थ असा की त्यांच्या हयातीतील साऱ्या पत्रव्यवहाराची जगातली एकमेव प्रत निपाणीतल्या त्या पिवळट पडलेल्या पेटाऱ्यात होती. आत्तीने शिवलेला खादीचा अभ्रा काढून मी त्याचे झाकण उघडले, तो पंख्याच्या पात्यांवर तंबाखूची बारीक भुकटी बसलेली, आणि तिचा उग्र वास त्या बंद खोलीत एकाएकी पसरला. आत्ती काही बोलली नाही, पदराने पाते पुसू लागली.

यंत्र चालू झाले. त्यावर विंडोज एक्सपी होते, ज्याची देखभाल मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ रोजी थांबविली, आणि टपालासाठी आउटलुक एक्सप्रेस, जे त्यानंतरच्या विंडोजमधून वगळले गेले. या आउटलुक एक्सप्रेसची वहिवाट अशी की प्रत्येक खात्याची एक स्वतंत्र फाइल, आणि त्या साऱ्या फाइली अशा एका खोल, सहसा न दिसणाऱ्या कप्प्यात की माहितगारावाचून कोणाला त्यांचा पत्ता लागू नये. नवे संगणक ती फाइल सरळ वाचीत नाहीत. परंतु खाते उघडून त्यातील पत्रे निवडावीत आणि बाहेरच्या कप्प्यात ओढून ठेवावीत, म्हणजे प्रत्येक पत्राची एक सुटी फाइल होते, आणि ही सुटी फाइल साध्या अक्षरांत लिहिलेली असल्यामुळे थंडरबर्डसारख्या कोणत्याही टपालाच्या कार्यक्रमात ती आज वाचता येते. आम्ही खात्यामागून खाते असे बाहेर काढले, पेन ड्राइव्हवर घेतले, नव्या संगणकावर उतरविले, आणि पूर्वी कचेरीत बारनिशीवरून आवक-जावकीची रुजुवात घेत तशी दोन्हींकडची संख्या ताडून पाहिली.

संख्या जुळली, पण ‘चिरंजीव’ खात्यातले पहिलेच पत्र उघडले तेव्हा पडद्यावर टोपी घातलेली रोमन अक्षरे, स्वल्पविराम आणि कंस यांची एक अगम्य ओळ उमटली. आत्तीने चष्मा सारखा करून पाहिले आणि म्हणाली, “हे इंग्लिश बी न्हवं आणि मराठी बी न्हवं. पोरानं असं लिवलं न्हवतं रं.” तिचे बरोबर होते. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ सालीच स्थान मिळाले असले तरी घरोघरी ते पोहोचण्यास पुष्कळ काळ जावा लागला, आणि तोपर्यंत श्रीलिपी, आकृती, शिवाजी अशा फॉन्टांवर मराठी माणसाने आपली भाषा चालविली. त्या प्रत्येकाने रोमन अक्षरांच्या जागी आपापल्या मांडणीने देवनागरी आकृत्या बसविल्या होत्या, म्हणून तो फॉन्ट नसेल तर पत्र असून नसल्यासारखेच. मोडी लिपीचेही असेच झाले. पेशवे दप्तरातले मोडी कागद पुण्यात रुमालांत बांधलेले राहिले आणि रियासतकार सरदेसाई यांच्या संपादनाखाली त्यांतून निवडीचे ४५ खंड निघाले, हे त्या कागदांचे भाग्य. पण आपल्या या मुलखात कितीतरी घरांच्या माळ्यावर पणजोबांच्या हातची मोडी खते पडून आहेत, आणि नातवंडांना त्यातले एक अक्षर लागत नाही. तेथे लिपी मागे पडण्यास दोन पिढ्या लागल्या. येथे पाव शतकही पुरले.

जुन्या यंत्रातून फॉन्टची ती चिमुकली फाइल शोधून नव्यावर बसविली, आणि त्या कंस-स्वल्पविरामांच्या जागी एकदम ‘ती. आई आणि ती. अण्णा यांस साष्टांग नमस्कार’ असे स्वच्छ मराठी उभे राहिले; खाली बर्फाची हकीकत, आणि शेवटी यंदा तंबाखूचा दर काय लागला ही पृच्छा. आत्तीने ते पत्र मला मोठ्याने वाचावयास लावले, आणि संपल्यावर दुसरे.

पत्त्याचा प्रश्न त्याहून नाजूक निघाला. श्रीराम भिकाजी वेलणकर या संस्कृतज्ञ टपाल अधिकाऱ्याने योजिलेला पिन १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाला, आणि १ नोव्हेंबर २०१४ रोजी बेळगावचे सरकारी नाव पालटले तरी ५९०००१ हा अंक जागचा हलला नाही. सीमेवरच्या माणसाने पत्त्यात काय लिहावे याविषयी कितीही कळकळ बाळगली, तरी पत्र मुक्कामी पोहोचत राहिले. ई-मेलच्या पत्त्यास असे अभय नाही. जोडणी देणाऱ्या संस्थेने दिलेला पत्ता जोडणीबरोबर संपतो, आणि मोफत मिळालेल्या पत्त्याची किल्ली मोबाइल क्रमांकाशी बांधलेली असते. अण्णांचा पत्ता असाच मोफतचा, आणि त्याला बांधलेला क्रमांक कोल्हापूरचा. निपाणीच्या पलीकडे अर्जुननगरास देवचंद महाविद्यालय लागते तेथे महाराष्ट्र सुरू होतो, आणि या पट्ट्यात दोन्ही राज्यांची दोन सिमे बाळगण्याची रीत जुनीच आहे. रिचार्जवाचून तो क्रमांक दुसऱ्या कोणास गेला असता तर त्यांच्या खात्याचे दार कायमचे बंद झाले असते, शिवाय दोन वर्षे न उघडलेली खाती पुसण्याचे धोरण गूगलने २०२३ साली जाहीर केलेले आहेच. सुदैवाने आत्तीने तो क्रमांक जिवंत ठेवला होता. आम्ही तो रीतसर तिच्या नावे करण्यास अर्ज दिला आणि खात्याला आतेभावाचा क्रमांकही जोडला.

सीमाभागातल्या मराठी घरांना माझी विनंती आहे. आपला गेल्या पिढीचा इतिहास पुष्कळसा या पत्रांत आहे, आणि तो कोणतेही सरकारी दप्तर आपल्यासाठी जपून ठेवणार नाही. जुना संगणक बंद पडण्यापूर्वी त्यातली पत्रे सुट्या फाइलींत बाहेर काढा, फॉन्ट बरोबर घ्या, युनिकोडमध्ये उतरविली तरी मूळ प्रत ठेवा, आणि सगळ्याची दुसरी प्रत दुसऱ्या घरी असू द्या. कोणते खाते कोणाच्या नावे व कोणत्या क्रमांकावर आहे ही फेरिस्त वहीत लिहून घरातल्या दोघांना दाखवून ठेवा. हे दिवाळीच्या साफसफाईआधी करा, कारण जुना संगणक भंगारवाल्याकडे जातो तो बहुधा त्याच आठवड्यात.