देवदारांच्या सावलीतून सायकलसफर

सिमल्याला जाणारे बहुतेक पर्यटक मॉल रोडवर फिरतात, जाखूच्या मारुतीचे दर्शन घेतात, कुफरीला घोड्यावर बसून फोटो काढतात आणि मनालीची वाट धरतात. पण कुफरीच्या पुढे ठियोग आणि मटियाना मागे टाकून नारकंड्यापर्यंत गेले, की तेथून एक रस्ता हमरस्ता सोडून देवदारांच्या जंगलात शिरतो. बाघी, खदराला, सुंगरी, बाहली अशी लहान लहान गावे जोडत तो सराहनच्या दिशेने जातो. कुठे डांबर, कुठे खडी, तर कुठे नुसती माती. मोटारीत बसलेल्याला हा रस्ता हाडे खिळखिळी करणारा वाटतो. सायकलस्वारांना मात्र अलीकडे असेच रस्ते हवेसे वाटू लागले आहेत.

खडीवरची सायकल

अशा रस्त्यांसाठी ‘ग्रॅव्हल बाइक’ नावाची सायकल निघाली आहे. तिचे हँडल शर्यतीच्या सायकलीसारखे खाली वळलेले असते. टायर मात्र रुंद, साधारण ४० मिलिमीटरचे असतात. डिस्क ब्रेक आणि चढासाठी हलके गिअर हेही तिचे विशेष. डांबरावर ती वेगाने पळते आणि खडीवरही डगमगत नाही. अमेरिकेतील गावोगावच्या कच्च्या रस्त्यांवर रुजलेला हा प्रकार पुढे जगभर पसरला आणि २०२२ साली इटलीत त्याची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली.

मात्र नारकंड्याच्या जंगलात फिरायला हीच महागडी सायकल हवी असे मुळीच नाही. रुंद टायरची, चांगल्या ब्रेकची, गिअरवाली कोणतीही मजबूत सायकल चालते. पैशांपेक्षा इथे दम आणि धीर अधिक लागतो.

खेचरांसाठी आखलेली वाट

या रस्त्यामागे मोठा इतिहास आहे. लॉर्ड डलहौसी गव्हर्नर जनरल असताना १८५० साली हिंदुस्तान-तिबेट मार्गाचे काम सुरू झाले. तिबेटशी लोकर आणि पश्मिन्याचा व्यापार वाढावा, हा त्यामागचा एक हेतू होता. दुसरा हेतू असा, की खेचरे चालतील असा रस्ता झाला तर साहेबांचे सामान पाठीवरून वाहण्याची डोंगरी लोकांची वेठबिगार कमी होईल. दैवदुर्विलास असा, की तो रस्ता बांधण्यासाठीही याच लोकांना वेठीला धरण्यात आले.

आजचा राष्ट्रीय महामार्ग नारकंड्यानंतर खाली सतलजच्या काठाने जातो. जुनी वाट मात्र उंचावरून, धारेधारेने जात असे. वाटेत मुक्कामासाठी विश्रामगृहे होती. बाघी-खदरालाचा रस्ता बव्हंशी याच जुन्या वाटेच्या अंगाने जातो. खेचरांसाठी आखलेल्या वाटेचा चढ सहसा एकदम अंगावर येत नाही, तो हळूहळू चढतो. सायकलस्वाराच्या पायांना हेच मानवते.

चार-पाच दिवसांची सफर

सिमल्याहून नारकंडा सुमारे ६० ते ६५ किलोमीटर. या महामार्गावर ट्रक आणि बसगाड्यांची सतत वर्दळ असते, म्हणून एवढा टप्पा बसने किंवा जीपने केलेला बरा. नारकंड्याची उंची सुमारे २,७०० मीटर आहे; महाराष्ट्रातले सर्वांत उंच कळसूबाई शिखर १,६४६ मीटरचे. त्यामुळे मुंबई-पुण्याच्या माणसाला पहिल्या दिवशी चार पायऱ्या चढतानाही धाप लागू शकते. एक दिवस येथेच थांबून शरीराला हवेची सवय होऊ द्यावी.

दुसऱ्या दिवशी सुमारे ३,४०० मीटर उंचीच्या हाटू शिखरावर जावे. हा रस्ता अरुंद आणि कमालीचा चढाचा आहे. सायकल हातात धरून चालण्यात कमीपणा मानू नये. माथ्यावर हाटू मातेचे लाकडी कोरीवकामाचे देऊळ आहे. आकाश निरभ्र असेल तर उत्तरेला हिमशिखरांची रांग दिसते.

तिसऱ्या दिवशी बाघीमार्गे खदराला गाठावे. येथे जंगल दाट होत जाते. देवदार आणि कैल यांच्या जोडीला रई आणि तोष हे उंच सूचिपर्णी वृक्ष दिसू लागतात. पाइनच्या सुकलेल्या सुया रस्त्यावर पसरलेल्या असतात आणि त्यांच्यावरून चाक जवळपास आवाज न करता जाते. चौथ्या दिवशी सुंगरी. येथून एक फाटा रोहडूकडे उतरतो, तर दुसरा रस्ता बाहलीवरून तकलेचकडे जातो. या लांबलचक उतारात हवा झपाट्याने बदलते. वर स्वेटर घालून निघालेला माणूस खाली घाम पुसत पोहोचतो.

तकलेचहून नोगलीला उतरले की सतलजचा काठ आणि महामार्ग लागतो. ज्यांच्या पायांत अजून बळ असेल, त्यांनी दारनघाटी अभयारण्याच्या बाजूने सराहन गाठावे. जुजुराणा हा हिमाचलचा राज्यपक्षी या जंगलात राहतो. तो सहसा दिसत नाही, पण त्याच्या राज्यातून गेल्याचे समाधान मिळते. सराहनला भीमाकाली देवीचे लाकूड आणि दगडाचे थर रचून बांधलेले भव्य मंदिर आहे आणि समोर श्रीखंड महादेवाचे शिखर.

ज्याला हवा तो रस्ता, ज्याला नको तोही रस्ता

सायकलस्वाराला रस्ता कच्चा राहावा असे वाटते. बाघी किंवा बाहलीच्या बागाईतदाराला तसे वाटत नाही. सॅम्युअल स्टोक्स यांनी १९१६ साली नारकंड्याजवळच्या कोटगढ-थानेधार भागात अमेरिकन जातीच्या सफरचंदाची रोपे लावली आणि या डोंगरांचे नशीब पालटले. आज घराघरांचा वर्षाचा संसार सफरचंदावर चालतो. पण फळे काढणीला येतात ती जुलैपासून, म्हणजे नेमकी दरडी कोसळण्याच्या दिवसांत. २०२३ च्या पावसाळ्यात हिमाचलमधले शेकडो रस्ते बंद पडले आणि तयार माल बाजारात पोहोचवणे बागाईतदारांना अवघड झाले. रस्ता बंद म्हणजे फळ सडणार, आजारी माणूस घरातच अडकणार आणि मुलांची शाळा बुडणार.

म्हणून दरवर्षी थोडे थोडे डांबर पुढे सरकते आणि ते सरकायलाच हवे. जो कच्चा तुकडा पर्यटकाला साहस वाटतो, तो गावकऱ्याचे अजून पुरे न झालेले काम आहे. हे ध्यानात ठेवले, तर वळणावर पेट्यांनी भरलेली पिकअप आली की सायकलस्वार आपसूक डोंगराच्या बाजूला थांबतो, बागेतले फळ न विचारता तोडत नाही आणि मुक्काम-जेवणाचे पैसे गावातच खर्च करतो. अशा पाहुण्याला इथली माणसे चहा पाजल्याशिवाय सोडत नाहीत. तुपासोबत गरमागरम सिड्डू मिळाला तर थकवा कुठल्या कुठे पळतो.

निघण्यापूर्वी

एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत आणि सप्टेंबरच्या अखेरीपासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंतचा काळ उत्तम. पावसाळा टाळावा, हिवाळ्यात वरचा रस्ता बर्फाने बंद होऊ शकतो. वनखात्याच्या विश्रामगृहांचे आरक्षण आधी करावे आणि रस्त्याची ताजी स्थिती नारकंड्यात विचारून घ्यावी.

दिवसाला ३० ते ४० किलोमीटर पुरेत. दुपारी चारच्या आत मुक्काम गाठावा. उतारावर ऐन वळणात ब्रेक दाबू नयेत. वळण येण्यापूर्वीच दोन्ही ब्रेक हळूहळू लावून वेग कमी करावा, नाहीतर खडीवर चाक घसरते. हेल्मेट, दोन जादा ट्यूब, पंप, पंक्चरचे सामान, रेनकोट आणि लोकरीचे कपडे हवेतच. सायकल दुरुस्तीचे दुकान वाटेत मिळेलच असे नाही, मोबाइलही जागोजागी मुका होतो. म्हणून एकट्याने जाऊ नये.

घरातल्या सर्वांनीच सायकल चालवायला हवी असेही नाही. आजी-आजोबा आणि लहान मुले सामानासह जीपने पुढे जातील, मोठी मुले आणि त्यांचे आईवडील सायकलने मागून येतील. संध्याकाळी सगळे जण एकाच शेकोटीभोवती बसले, की कोणाला काय काय दिसले याच्या गप्पा झोप येईपर्यंत संपत नाहीत.