खाली वळलेल्या तलवारी

गेल्या दिवाळीत, वसुबारसेच्या दिवशी, गंगापूर रोडवरच्या आमच्या घरी पोस्टमनने एक लांबट नळकांडे आणून दिले. पाठवणारा माझा एक जुना विद्यार्थी. हल्ली तो जपानात नोकरीला असतो. आत एका चित्राची छापील प्रत होती. जपानी पोशाखातला एक पुरुष उभा आहे. दोन्ही हातांत तलवारी, आणि दोन्हींची टोके जमिनीकडे!

हा मियामोतो मुसाशी. मूळ चित्र कुमामोतोच्या शिमादा कलासंग्रहालयात आहे. ते त्याने स्वतःच काढले, अशी समजूत आहे. तो १६४५ साली वारला, तेव्हा आपले शिवाजीमहाराज पंधरा वर्षांचे होते. तलवारबहाद्दर म्हणून तो गाजला, पण कुंचलाही तितक्याच सफाईने चालवी. वाळक्या फांदीवरचा खाटीक पक्षी त्याने नुसत्या काळ्या शाईत रंगवला आहे. त्यातली उंच फांदी म्हणजे कुंचल्याचा एक लांब फटकारा!

तिकडची शाई म्हणजे काजळी आणि सरस यांची कांडी. ती दगडावर पाण्यात उगाळायची. आपल्याकडचा बोरूही काजळाच्याच शाईत बुडे. पण आपला पोथी लिहिणारा चुकलेल्या अक्षरावर हरताळ फाशी. तिथे ती सोय नाही. कागद शाई पिऊन टाकतो. उमटली ती रेघ कायमची.

हा मुलगा सातवीत असताना गणिताच्या वहीच्या मागच्या पानांवर तलवारी उपसलेले मावळे काढी. एकदा मी ती वही साऱ्या वर्गाला दाखवली आणि म्हणालो, "असली चित्रे काढून पोट भरणार आहेस का रे?" वर्ग हसला. तोही हसला. त्यानंतर त्याच्या वहीत एकही चित्र दिसले नाही, आणि मी तो शिस्तीचा विजय मानला.

नळकांड्यात चिठ्ठी होती: "सर, इथे रविवारी शाईची चित्रे काढायला शिकतो. हात अजून थरथरतो. हे चित्र तुम्हांला आवडेल असे वाटले." टोमण्याचा मागमूसही नव्हता. तेच अधिक बोचले.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री मी त्या चित्रासमोर बसलो. एवढा निष्णात माणूस, पण तलवारी खाली. आणि मी एका बारा वर्षांच्या पोरावर शब्द उपसला होता. कोनाड्यातल्या पणतीची काजळी भिंतीवर चढत होती. मी उत्तर लिहायला घेतले. दोनदा खोडले. शेवटी लिहिले, "त्या दिवशी मी चुकलो. तुझ्या हातचे एक चित्र पाठव. भिंतीवर जागा ठेवली आहे."

ते मात्र खोडले नाही.