सुशीला

आज सकाळी आईने सुशीला केली होती. मराठवाड्याबाहेरच्या मंडळींसाठी सांगतो, सुशीला म्हणजे आमच्याकडचा नाश्त्याचा पदार्थ. चुरमुरे भिजवायचे, पिळायचे, आणि कांदा-मिरची-शेंगदाण्याच्या फोडणीवर परतून वरून डाळ्याचं कूट भुरभुरायचं. लातूरकडे कुठल्याही घरी सकाळी गेलात तर बशी पुढे येतेच. पुण्यातले रूममेट या नावावर दोन वर्षं हसत होते. असो.

पण पहिला घास घेतला आणि मला आठवली ती दुसरीच सुशीला. वजन सुमारे दोन हजार टन. लंडनच्या पोटात राहायची. रोज थोडी थोडी पुढे सरकायची. त्या सुशीलाबद्दल बरेच दिवस लिहायचं होतं, आज लिहून टाकतो.

जानेवारी २०२३ मध्ये मी ऑनसाईट गेलो. लंडनच्या पश्चिमेला नॉर्थोल्ट नावाचं उपनगर आहे, तिथे एका गुजराती काकांच्या घरातली वरची खोली भाड्याने घेतली. सेंट्रल लाईन पकडायची आणि सिटीत ऑफिसला जायचं. पहिल्याच आठवड्यात काकांनी जमिनीकडे बोट दाखवून विचारलं, "नीचे कौन है मालूम है? सुशीला!" मला वाटलं तळघरात काकू राहतात की काय.

भानगड अशी होती. लंडन ते बर्मिंगहॅम एचएस-२ नावाची हायस्पीड रेल्वे बांधतायत. लंडनमध्ये शिरताना ती जमिनीखालून जाते. वेस्ट रायस्लिप ते ओल्ड ओक कॉमन असा साधारण साडेतेरा किलोमीटरचा जोडबोगदा, त्याला नॉर्थोल्ट टनेल म्हणतात. तो खणायला चार टनेल बोरिंग मशिन्स. दोन पश्चिमेकडून निघणार, दोन पूर्वेकडून, आणि ग्रीनफर्डला भेटणार. पश्चिमेकडून निघालेल्या दोघींची नावं सुशीला आणि कॅरोलाईन. बोगदे खणणाऱ्यांमध्ये मशीनला बाईचं नाव द्यायची जुनी प्रथा आहे. संत बार्बरा ही त्यांची रक्षणकर्ती, तिची मूर्तीसुद्धा बोगद्याच्या तोंडाशी ठेवतात. कॅरोलाईन हे नाव खगोलशास्त्रज्ञ कॅरोलाईन हर्शेल यांच्यावरून. आणि सुशीला हे तिथल्याच एका शाळेत शिकवणाऱ्या बाईंचं नाव. म्हणजे आपल्या पाटीलबाईंचं नाव मेट्रोच्या मशीनला द्यावं तसं. मला हे प्रचंड आवडलं.

ऑक्टोबर २०२२ मध्ये सुशीला निघाली होती, म्हणजे मी पोचायच्या तीनच महिने आधी. माझं प्रोजेक्टही तेव्हाच सुरू झालेलं. एका मोठ्या क्लायंटची वीस वर्षं जुनी सिस्टीम नव्या प्लॅटफॉर्मवर न्यायची, दोन-अडीच वर्षांचं काम. त्यामुळे मनातल्या मनात मी शर्यत लावून टाकली. सुशीला आधी ग्रीनफर्डला पोचते की आम्ही आधी गो-लाईव्ह होतो?

प्रकल्पाच्या वेबसाईटवर कुठलं मशीन किती मीटर गेलं हे दिसायचं. लोक सकाळी क्रिकेटचा स्कोअर बघतात तसा मी सुशीलाचा बघायचो. आठ किलोमीटर जायला तिला सव्वादोन वर्षं लागली, म्हणजे सरासरी दिवसाला दहा मीटर. हसू नका. चिल्टर्न टेकड्यांखाली फ्लॉरेन्स आणि सेसिलिया या तिच्या बहिणी चॉकमधून दिवसाला साधारण सोळा मीटर जात होत्या. त्यांनी २०२१ मध्ये सुरुवात केली आणि सोळा किलोमीटर पार करून फेब्रुवारी-मार्च २०२४ मध्ये बाहेर आल्या.

एवढं बघितल्यावर ते मशीन चालतं कसं हे वाचल्याशिवाय चैन पडेना (इंजिनिअरिंगच्या डिग्रीचा तेवढाच उपयोग). पुढे एक अवाढव्य गोल चकती फिरत माती कापते. लंडनची माती चिकणमाती, म्हणून सुशीला ज्या जातीची होती त्यात कापलेली माती चकतीमागच्या खोलीत दाबून भरून ठेवतात. समोरच्या जमिनीचा जेवढा दाब, तेवढाच आतून उलटा दाब. दाब कमी पडला तर वरची जमीन खचणार, जास्त झाला तर फुगणार. आणि वर कोण? आमचे गुजराती काका, त्यांची तुळस आणि मी. मग पिठाच्या गिरणीत असतो तसा एक मोठा स्क्रू ती माती मोजूनमापून बाहेर काढतो आणि पट्ट्यावरून ती मागे जाते.

खरी गंमत यापुढे. मशीनला चाकं नसतात. ते पुढे जाणार कशाच्या जोरावर? मागे काँक्रीटच्या वक्र तुकड्यांची एक पूर्ण रिंग बसवायची, आणि मशीनचे हायड्रॉलिक जॅक त्या रिंगवर पाय रोवून मशीनला पुढे ढकलणार. तेवढी जागा झाली की थांबायचं, पुढची रिंग बसवायची, बाहेरची फट ग्राऊटने भरायची, परत ढकलायचं. चिल्टर्नच्या दोन बोगद्यांना मिळून एक लाख बारा हजार तुकडे लागले. एका रिंगला सात तुकडे, एकेक तुकडा साडेआठ टनांपर्यंत. करा भागाकार. सोळा हजार रिंगा.

आणि रिव्हर्स गिअर नाही. रिंगचा आतला व्यास चकतीपेक्षा लहान, त्यामुळे मशीन आल्या वाटेने परत येऊच शकत नाही. रोलबॅकचा ऑप्शन मुळातच नाही! आमच्या प्रत्येक डिप्लॉयमेंटला रोलबॅक प्लॅनची तीन पानं जोडावी लागायची, त्यामुळे हे वाचून मला सुशीलाबद्दल भलताच आदर वाटायला लागला.

मग ४ ऑक्टोबर २०२३ ला पंतप्रधान ऋषी सुनक मँचेस्टरमध्ये पक्षाच्या अधिवेशनात उभे राहिले आणि मँचेस्टरपर्यंतची रेल्वे रद्द करून टाकली. म्हणजे मँचेस्टरमध्येच जाऊन मँचेस्टरला सांगितलं की तुमची गाडी येत नाही. उरलं ते लंडन-बर्मिंगहॅम. ओल्ड ओक कॉमनपासून युस्टनपर्यंतच्या शेवटच्या टप्प्याचंही भिजत घोंगडं, खाजगी पैसा आला तर बघू. (तो पैसा पुढच्या सरकारने ऑक्टोबर २०२४ च्या बजेटमध्ये मंजूर केला.) दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रेनमध्ये मी सवयीने आकडा बघितला. सुशीला पुढे सरकलेली होती. वर एवढा गदारोळ, आणि खाली आपली पुढची रिंग.

तेव्हा मी ऑफिसात हे सगळ्यांना रंगवून सांगितलं. निष्काम कर्मयोग वगैरे. फार शहाणा झालो होतो.

नोव्हेंबर २०२४. मंगळवार. दुपारी तीनला अर्ध्या तासाची मीटिंग लागली, अजेंडा रिकामा. आयटीत असाल तर रिकाम्या अजेंड्याचा अर्थ तुम्हाला माहीत आहे. क्लायंटची प्राथमिकता बदलली, प्रोजेक्ट बंद. 'तुमच्या योगदानाबद्दल आभार.' दोन वर्षं, चाळीस माणसं, आणि बावीस मिनिटांत मीटिंग संपली. उरलेली आठ मिनिटं आम्हाला परत मिळाली म्हणे.

पुढच्याच महिन्यात सुशीला ग्रीनफर्डला पोचली. चार मशिन्समधली पहिली. शर्यत ती जिंकली.

त्या रात्री मी बाबांना फोन केला. बाबा पाटबंधाऱ्यात होते, आयुष्यभर कालवे खणले. म्हटलं बाबा, दोन वर्षं पाण्यात गेली. पलीकडून थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाले, "पाण्यात गेली तर बरंच की. आमचा कालवा अठरा वर्षं पाण्याविना पडला होता."

ही गोष्ट मला माहीत नव्हती. ते नोकरीला नवीन असताना अकरा किलोमीटरचा कालवा खणला, अस्तर केलं, आणि पैसे संपले. वर धरणाचं काम अडकलं. कालव्यात बाभळी उगवल्या, पोरं क्रिकेट खेळायला लागली. मी विचारलं, मग? "मग काय, धरण झालं, बाभळी काढल्या, पाणी सोडलं. अस्तर नीट केलेलं होतं. गळलं नाही."

"अस्तर नीट केलेलं होतं" हे वाक्य ते सहज बोलून गेले, मला मात्र रात्रभर झोप लागली नाही. कारण आमचं अस्तर नीट नव्हतं. आणि हे मला माहीत होतं.

हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आमच्या प्रोजेक्टमध्ये चौदा मॉड्यूल्स होती, त्यातली तीन माझी. दर शुक्रवारी मी स्टेटस पाठवायचो, हिरव्या रंगात. ऐंशी टक्के पूर्ण, किरकोळ कामं बाकी. किरकोळ म्हणजे टेस्ट केसेस, एरर हँडलिंग, जुन्या डेटाचा मेळ. 'नंतर करू' हा आमचा राष्ट्रीय मंत्र होता. मी एकट्याने नाही, सगळ्यांनीच तसं केलं, पण माझा हिरवा रंग मी स्वतःच्या हाताने भरत होतो. शेवटी हिशोब काय निघाला? चौदाच्या चौदा मॉड्यूल्स ऐंशी टक्के, आणि शंभर टक्के एकही नाही. क्लायंटच्या माणसाने शेवटच्या कॉलवर साधा प्रश्न विचारला होता, "यातलं काही तरी आम्ही तसंच वापरू शकतो का?" कुणीच बोललं नाही. मीही नाही.

सुशीलाला ऐंशी टक्के रिंग बसवून पुढे जाताच आलं नसतं. सातवा तुकडा बसला नाही तर जॅकने रेटा द्यायचा कशावर? म्हणून तिच्या मागे जे होतं ते कुठल्याही दिवशी पूर्णच होतं. उद्या काम थांबलं तरी तेवढा बोगदा बोगदाच राहिला असता.

एचएस-२ ला संत ठरवायचं नाहीये मला. खर्च कुठल्या कुठे गेला, एका जंगलाजवळ वटवाघळांसाठी दहा कोटी पौंडांचं छप्पर बांधलं म्हणून पेपरवाल्यांनी धुतलं, आणि जून २०२५ मध्ये तर २०३३ ची मुदतही पाळता येणार नाही हे सरकारने संसदेत सांगून टाकलं. बोगदा झाला म्हणून रेल्वे झाली असं होत नाही. पण खणणाऱ्यांनी आपला भाग चोख केला हे खरं.

मी २०२५ च्या सुरुवातीला पुण्यात परत आलो. नव्या टीममध्ये आता मी स्टेटसमध्ये टक्के लिहीत नाही. झालं किंवा नाही झालं, एवढंच. मॅनेजर वैतागतो, कारण माझ्या रांगेत लाल रंग जास्त दिसतो. अप्रेझलला याचं काय होतं ते बघू. सप्टेंबर २०२५ मध्ये मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनच्या घणसोली ते शिळफाटा या जवळजवळ पाच किलोमीटरच्या बोगद्याची दोन टोकं जुळली. तिथे मशीन नव्हतं, ड्रिल आणि ब्लास्ट करून खणला. बातमी बघताना बाबा टीव्हीच्या जवळ जाऊन उभे राहिले आणि फक्त भिंत बघत होते. अस्तर.

आज नाश्ता करताना त्यांना विचारलं, कालव्याला पाणी आलं तेव्हा तुम्ही बघायला गेला होतात का?

"गेलो होतो की. रिटायर झालो होतो. एसटीने गेलो."

"मग?"

"एक पोरगं कालव्याच्या काठाला मोटरसायकल धूत होतं. त्याला म्हटलं, बाळा, हा कालवा मी खणलाय. तो म्हणाला, काका, जरा बाजूला सरका, शिंतोडे उडतील."

आई हसली. बाबाही हसले, आणि सुशीलाची बशी पुढे करून म्हणाले, वाढ अजून.