वाट देतांना

अरुंद बोळांतून जातांना समोरून एखादे सभ्य गृहस्थ आले म्हणजे माझी मोठी पंचाईत होते. त्यांना वाट द्यावी म्हणून मी एका भिंतीकडे सरकतों, तों तेहि नेमके तिकडेच सरकतात. मग दोघेहि दुसऱ्या भिंतीकडे! अखेर ओशाळवाणें हंसून आम्ही एकमेकांस ओलांडतों. दोघांपैकीं एक जरी उद्धट असता, तरी हा प्रसंग टळला असता.

बोळांतली ही गोष्ट हंसण्यावारी जाते. आकाशांतली जात नाहीं. १२ नोव्हेंबर १९९६ रोजीं चरखी दादरीच्या आकाशांत दिल्लीहून निघालेलें एक विमान आणि दिल्लीकडे उतरणारें दुसरें एकमेकांवर आदळलीं व ३४९ माणसें मेलीं. उतरणाऱ्या विमानानें १५,००० फुटांवर थांबावयाचें होतें. तें त्याखालीं आलें, आणि १४,००० फुटांवर दुसरें होतें. पुढें आपल्याकडे टक्कर टाळणारें यंत्र विमानांत सक्तीचें झालें. हें यंत्र आसपासच्या विमानांना सारखें विचारीत असतें, तुम्ही कोठें, किती उंचीवर? टक्कर जवळ आली, कीं दोन्ही विमानांतलीं यंत्रें आपसांत ठरवितात आणि एका वैमानिकाला ‘वर’ व दुसऱ्याला ‘खालीं’ असें बजावतात.

पण १ जुलै २००२ च्या रात्रीं जर्मनींतील युबरलिंगेन गांवाजवळ यंत्रें असूनहि घात झाला. एका विमानाला जमिनीवरील नियंत्रकानें, धोका पाहून, खालीं जाण्यास सांगितलें. कांहीं सेकंदांतच त्याच विमानांतलें यंत्र ‘वर’ म्हणालें. वैमानिकांनीं माणसाचें ऐकलें. दुसऱ्या विमानानें यंत्राचें ऐकलें. दोघेहि खालीं गेले. ७१ जीव गेले. त्यांत पुष्कळशीं शाळकरी मुलें होतीं. नियंत्रकाची आज्ञा उलट असली तरी यंत्राचाच शब्द पाळावा, हा नियम त्यानंतर निःसंदिग्ध झाला.

हें वाचलें तेव्हां मला आमच्या घरांतली एक पहाट आठवली. आई न्हाणीघरांत घसरून पडली. तिची हांक ऐकतांच मी पुढल्या दारानें आणि धाकटा भाऊ मागल्या दारानें धांवत सुटलों. डॉक्टरांच्या पायरीवर आमची गांठ पडली, आणि दोघांच्याहि तोंडून एकदमच निघालें, “आईजवळ कोण आहे?”

आई त्या दुखण्यांतून उठली. थंड फरशीवर ती एकटी किती वेळ पडली होती, हें विचारण्याचा धीर मला कधींच झाला नाहीं. “दोघेहि गेलांत होय रे?” एवढेंच ती म्हणाली. आमच्यापैकीं कोणाचीहि माया उणी नव्हती. कोणीं जावयाचें आणि कोणीं थांबावयाचें, एवढेंच ठरलेलें नव्हतें.

आई आतां नाहीं. पण आजहि घरांत कांहीं अडलें, कीं भाऊ पाऊल उचलण्यापूर्वीं मला विचारतो, “दादा, मी जाऊं कीं थांबूं?”