मोरीजवळचा सोनटक्का

तुमचाही सोनटक्का फुलत नाही का हो? माझ्या कुंडीत दोन वर्षं नुसती पानं, तीही कडा करपलेली. भर उन्हातली कुंडी, आणि शाळेतून दमून आल्यावर पाणी आठवेल तेव्हा! एके दिवशी सासूबाईंनी मला न विचारता गड्डा उपटून मोरीच्या पाण्याजवळ लावला. इतका राग आला! या घरात एक झाडसुद्धा माझं नाही? पण आल्याच्या जातीचा तो कंद, त्याला ओलच हवी. भाद्रपदात संध्याकाळी पांढरी फुलं उमलली, तेव्हा पहिलं फूल त्यांनी माझ्याच वेणीत खोवलं. फुलून गेलेला दांडा बुडाशी कापायचा, हेही त्यांनीच शिकवलं.

गेल्या वर्षी त्या गेल्या. परवा शेजारच्या वहिनींना डोळा असलेला कंद दिला आणि बजावलं, "मोरीजवळच लावा हं!"