विद्येच्या गावातील बिऱ्हाड

सांगलीस नाट्यपंढरी म्हणण्याचा प्रघात आहे, व तो यथार्थच आहे. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ येथेच रंगभूमीवर आणले. हळदीची पेठ म्हणूनही या गावाचा लौकिक मोठा. परंतु ज्या घराच्या माडीवर आज चाळीस वर्षे विद्यार्थी राहत आले आहेत, त्या घरातील मनुष्यास या दोन्ही नावांपेक्षा गावाची तिसरी ओळख अधिक जवळची वाटते. आमचे वर्ष गुढीपाडव्याला सुरू होत नाही. ते पहिल्या पावसाबरोबर, एका हातात बॅग व दुसऱ्या हातात भ्रमणध्वनी घेऊन “काका, खोली आहे का?” असे विचारणाऱ्या मुलाच्या रूपाने दारात येऊन उभे राहते.

विलिंग्डन महाविद्यालय डेक्कन एज्युकेशन सोसायटीने १९१९ साली काढले, व त्यासाठी जागा निवडली ती सांगली व मिरज यांच्या मधली. दोन्हीही पटवर्धनांची संस्थाने, तेव्हा कोणाच्याच पारड्यात माप अधिक पडले नाही. पुढे १९४७ साली अभियांत्रिकीचे कॉलेज आले; आज ते वालचंदांच्या नावाने ओळखले जाते. १९६२ साली मिरजेस वैद्यकीय महाविद्यालय झाले. मधली मोकळी राने घरांनी भरून गेली, आणि १९९८ साली सांगली, मिरज व कुपवाड यांची एकच महानगरपालिका झाली.

तथापि गाव फार मोठे झाले नाही, हे आमचे भाग्य. पुण्यामुंबईकडे विद्वान मनुष्य सभेच्या पत्रिकेवर भेटतो. येथे तो मंडईत वांगी निवडताना भेटतो. म. द. हातकणंगलेकर विलिंग्डनमध्ये इंग्रजी शिकवीत, आणि २००८ साली साहित्य संमेलन सांगलीस भरले तेव्हा अध्यक्षपदही त्यांच्याकडेच आले. गावाला आपल्याच घरचे कार्य असल्यासारखे वाटले. कानडीतील ज्ञानपीठविजेते वि. कृ. गोकाक हेही एके काळी विलिंग्डनचे प्राचार्य होते. मी स्वतः मॅट्रिकच्या पुढे गेलो नाही. संस्कृत शिकलो ते शास्त्रीबुवांच्या पायांशी बसून. परंतु एखाद्या समासाचा विग्रह अडला, तर कॉलेजातील प्राध्यापकांना रस्त्यात थांबवून विचारण्यास मला कधी संकोच वाटला नाही, व त्यांनीही पिशवी खाली ठेवून उत्तर देण्यात कधी कमीपणा मानला नाही.

आमच्या आजोबांच्या काळी मुले वार लावून जेवीत. त्या पंगतीचे गोडवे गाणारे पुष्कळ भेटतात. परंतु तिला एकाच ज्ञातीची मुले बसत, हे सांगण्यास ते विसरतात. आज माडीवर आटपाडीचा, विट्याचा, कधी सीमेपलीकडचा अथणीचा मुलगा असतो. सगळ्यांचे डबे एकाच खानावळीतून येतात, व कोणाची जात कोणी विचारीत नाही, निदान जेवताना तरी नाही.

२०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले. धोक्याची पातळी ४५ फुटांची. आमचे घर गावभागात. त्या रात्री माडीवरील चार मुलांनी मातुःश्रींना खुर्चीसकट वर नेले, मग धान्याचे डबे, आणि शेवटी, मी न सांगता, माझे कोश. नगर वाचनालयातील हजारो ग्रंथ त्या पुरात भिजून गेले. माझे कोश राहिले. त्या चौघांपैकी आता कोणीही सांगलीत नाही.

आणि हेच या गावाचे दुखणे. दुसऱ्यांची मुले येथे येऊन शिकतात, आमची शिकून जातात. माझा मुलगा पुण्यास, पुतण्या बंगळूरास. कॉलेजे पदवी देतात, पण त्या पदवीस साजेल अशी नोकरी गावात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्यातून २०२१ साली पुन्हा पूर आला, तेव्हापासून नवे विद्यार्थी उंचावरील विश्रामबागेकडे खोल्या पाहतात. धाकट्या बंधूंचे म्हणणे, वाडा बिल्डरास द्यावा व मिळेल ते वाटून घ्यावे. त्यांचे गणित चूक नाही. आमच्या कुटुंबाचे म्हणणे इतकेच की, वर मुलांचे पाय वाजले नाहीत तर रात्री झोप लागत नाही. दिवाळीत सारे जमतील तेव्हा निकाल लागेल.

गेल्या आठवड्यात जत तालुक्यातून एक शेतकरी मुलाला घेऊन आले. भाडे विचारण्याआधी त्यांनी पाणी कुठवर येते ते विचारले. ओटीच्या भिंतीवर, माझ्या छातीइतक्या उंचीवर असलेली २०१९ ची रेघ मी दाखविली. गृहस्थ बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिले. “आमच्याकडं प्यायला टँकर येतो,” ते म्हणाले. मुलगा तोवर माडीच्या पायऱ्या मोजून आला होता. दिवाळीपर्यंतची हमी देतो, पुढचे माझ्या एकट्याच्या हाती नाही, असे मी स्पष्ट सांगितले. त्यांनी मुलाकडे पाहिले, मुलाने मान हलविली. आणि आतून विचारणा झाली की, त्याला ज्वारीची भाकरी लागते की बाजरीची.