कोरीगडावर न सापडलेली अक्षरं

पौड सोडलं की ताम्हिणीचा रस्ता मुळशीच्या पाण्याला बिलगतो. या पाण्याखाली जाणाऱ्या जमिनींसाठी १९२१ मध्ये सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट त्याचे पुढारी. माझ्या डोक्यात मात्र इथल्या जमिनींचे त्याहून जुने कागद होते. निवे, भांबर्डे, सालतर खिंड करत पेठ शहापूरला पोहोचलो आणि कोरीगड चढलो.

सलग तटबंदी, तळी, तोफा, कोराईदेवीचं देऊळ. स्वराज्यात येण्यापूर्वी गडाने सुलतानी अंमल पाहिलेला, म्हणून दरवाजात फारसी शिलालेख शोधला. दिसला नाही.

आदिलशाही विजापुरात याच्या उलट. इब्राहिम रोजाच्या भिंतींवर अक्षर हीच नक्षी. खिडक्यांच्या दगडी जाळ्याही अक्षरांत कोरलेल्या वचनांच्या. हा रोजा, म्हणजे कबर, ज्याची, तो दुसरा इब्राहिम आदिलशाह अक्षरांचा वेडा. इराणातून आलेल्या खलीलुल्लाहने १६१८ मध्ये सुलतानाच्याच ‘किताब-ए-नौरस’ची प्रत लिहून दिली, तेव्हा त्याला ‘लेखणीचा बादशहा’ हा किताब मिळाला आणि बसायला खुद्द तख्त! नस्तालीक या इराणी लेखनशैलीत शब्द उजवीकडून डावीकडे जाता जाता खाली ओघळतात. बोरूचं टोक तिरकं छाटलेलं असतं, म्हणून एकाच वळणात रेघ जाड होते आणि केसाएवढी बारीकही.

मावळात ही लिपी आली ती कागदावरून. फर्मानावर तुघरा म्हणजे सुलतानाचं नक्षीदार नाव, शिक्का, खाली फारसी. खुर्दखत नावाच्या हुकमांत फारसी मायन्याखाली मोडीत मराठी मजकूर. वतन, इनाम, सारा सगळं त्यावर ठरायचं. मावळातल्याच रोहिडखोऱ्यात देशमुख कान्होजी जेध्यांना १६ जून १६५९ चं आदिलशाही फर्मान आलं, अफझलखानाला मिळण्याचं. तेही फारसीतच. कान्होजी शिवाजी महाराजांकडेच राहिले. हुकमाचं अक्षर देखणं असून भागत नाही! जिजाबाईंचा शिक्का फारसीत होता, महाराजांची राजमुद्रा मात्र संस्कृतात.

असे कागद पुण्यात सदाशिव पेठेतल्या भारत इतिहास संशोधक मंडळात जपले आहेत. इतिहाससंशोधक ग. ह. खऱ्यांनी त्यांतले कितीतरी वाचून ‘ऐतिहासिक फारसी साहित्य’च्या खंडांतून छापले. तुमच्या मावळातल्या घरी माळ्यावर जुन्या कागदांचा रुमाल असेल, तर कागदांना चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. आधी जाणकाराला दाखवा.